सतरा चोऱ्या आणि दोन नोंदी

पार्श्वभूमी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाची पोलीस पाटील आहे. हे प्रकरण 2024 च्या दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं आहे. गाव ओळखू येईल असे तपशील मी बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही. घडलेलं मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे, त्यात माझ्या चुकाही आल्या.

गावाची वस्ती एकोणीसशेच्या आसपास. कपाशी, तूर, सोयाबीन ही मुख्य पिकं. नाल्याकाठच्या वावरांत रब्बीला हरभरा आणि थोडा गहू. पोलीस ठाणं बावीस किलोमीटरवर, आणि आमच्या बीट जमादारांकडे आमच्यासारखी तीसेक गावं. गावाच्या उत्तरेला, गायरानाला लागून, फासेपारध्यांचा चौदा घरांचा बेडा आहे. त्यांची नावं मतदार यादीत आहेत, रेशनकार्डं आहेत, तीन पोरं आमच्याच शाळेत येतात. तरी गावात कुणी 'आपलं गाव' म्हणालं की त्यात बेडा धरलेला नसतो. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, स्वतंत्र भारताने तो 1952 मध्ये रद्द केला. पण गावात एखादी कोंबडी हरवली तरी पहिली नजर आजही बेड्याकडेच जाते.

आमच्याकडे फिडरवर, म्हणजे शेतांना वीज पुरवणाऱ्या लाइनवर, थ्री-फेज वीज पाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन ओलिताला जातो. थंडी असते, साप-विंचू असतात, रानडुकरं असतात. ही पाळी पुढे या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली, म्हणून ती आधीच सांगून ठेवते.

अडचण

दिवाळीनंतरच्या आठवड्यात नाल्याकाठच्या एका वावरातून मोटरपंपाची केबल कापून नेली. शेतकरी दुसऱ्या दिवशी बसने ठाण्यात गेला, अर्धा दिवस बाकावर बसला आणि संध्याकाळी एनसीचा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद घेऊन परत आला. केबलची किंमत निघाली तीन-साडेतीन हजार. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. ठाण्यातल्या माणसाने कायदा पाळला, पण शेतकऱ्याला हे कुणी समजावून सांगितलं नाही. तो गावात येऊन पानठेल्यावर एवढंच म्हणाला, "जाऊन काही उपेग नाही. मजुरी बुडते अन् कागद भेटते."

या एका वाक्याने गावातल्या तक्रारी बंद पडल्या. पुढच्या दोन महिन्यांत केबली गेल्या, तुषार संचाची पितळी नोझलं गेली, एका कोठ्यातून सोयाबीनची पोती गेली, दोन बकऱ्या गेल्या. ठाण्यापर्यंत त्यातली एकच गोष्ट पोहोचली, तीही एक अख्खा मोटरपंप गेला म्हणून.

केबल तीन हजारांची असली तरी नुकसान तेवढंच नसतं. त्या पहिल्या शेतकऱ्याने नवी केबल उधारीवर आणेपर्यंत बरेच दिवस गेले. ती जोडून आठवडा होतो न होतो तोच तीही कापून नेली. हरभऱ्याला फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक, अशी दोन पाणी वेळेवर लागतात. त्याचं दुसरं पाणी चुकलं. मी ते वावर पाहिलं आहे. झाडं उभी होती, पण घाटा दाबला की आत पोकळ.

भीतीचा हिशेब वेगळाच चालला होता. मोबाइलवर आवाजी निरोप फिरू लागले. शेजारच्या तालुक्यात टोळी उतरली आहे, अंगाला तेल लावून येतात, लेकरं उचलतात. कुणीही स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. तरी मुलींचं सायकलने शाळेला जाणं थांबलं आणि बाया अंधार पडल्यावर नळावर जाईनाशा झाल्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गुन्ह्यांचा दर काढतो तो दर लाख लोकसंख्येमागे नोंदवलेल्या गुन्ह्यांचा. एकोणीसशे वस्तीच्या गावात एक गुन्हा नोंदला गेला की तो दर एकदम त्रेपन्नाने चढतो, आणि कुणीच ठाण्यात गेलं नाही तर शून्यावर राहतो. आमच्या गावाचा कागदावरचा दर जवळजवळ शून्य होता आणि लोक रात्री कुऱ्हाड उशाशी घेऊन झोपत होते. एवढ्या लहान गावात हा आकडा सुरक्षिततेबद्दल काहीच सांगत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

पहिला निर्णय, जो मी घेतला नाही

1967 च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे गावातल्या गुन्ह्याची खबर देणं हे माझं कामच आहे. पहिल्या केबलीच्या वेळी मी बीट जमादारांना फोन केला. दुसऱ्या वेळीही केला. ते "पाहतो बाई" म्हणाले आणि मी समाधान मानलं. लेखी काहीच दिलं नाही. तिसऱ्या वेळेपासून फोनही केला नाही, कारण ज्याची वस्तू गेली तोच म्हणत होता, जाऊ द्या वहिनी. या दोन महिन्यांची जबाबदारी मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही.

डिसेंबरात पोरांनी आपणहून गस्त सुरू केली. अकरा-बारा जण, हातात काठ्या, रात्रभर शेकोटी. ठाण्याला कळवलेलं नाही, यादी नाही, कुणाला अडवायचं आणि अडवून काय करायचं हे ठरलेलं नाही. मला ते माहीत होतं. गावाला जरा धीर आला असं वाटून मी गप्प राहिले.

ती रात्र

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेबाराला शेजारच्या मुलाने दार वाजवलं. "वहिनी, चोर पकडले. लवकर चाला."

चावडीसमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्या मागच्या फळीला दोन माणसं बांधलेली. बेड्यावरचा पन्नाशीचा एक बाप आणि त्याचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या कानामागून रक्त ओघळून सदऱ्याच्या कॉलरवर आलं होतं. भोवती साठ-सत्तर माणसं, अर्ध्यांच्या हातात मोबाइल. समोर एक पोतं उलटं केलेलं. त्यात प्लास्टिकच्या बाटल्या, दोन फुटकी टोपली, एक गंजलेला पत्रा आणि तारेचं एक वेटोळं. सगळा राग त्या वेटोळ्यावर होता.

"तार कुठून आनली बे? सांग!"

बाप एकच गोष्ट परत परत सांगत होता, "भंगार हाय मायबाप, भंगार येचतो."

मला तेव्हा 2018 चं राईनपाडा आठवलं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या त्या गावात 1 जुलैला पाच जणांना जमावाने ठेचून मारलं होतं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं. पोरं पळवणारी टोळी फिरते, एवढ्या अफवेवर ते घडलं. आमच्या मोबाइलमध्ये तीच अफवा फिरत होती.

मी 112 ला फोन लावला आणि लावला आहे हे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग ते वेटोळं उचललं. ज्याची पहिली केबल गेली होती तो शेतकरी गर्दीत होता. त्याला जवळ बोलावून तारेवर बॅटरी धरली आणि विचारलं, "काकाजी, तुमची केबल कशाची होती?"

"तांब्याची."

"आणि ही?"

त्याने नखाने तार खरवडली. आतून पांढरी. "जर्मनची हाय," तो म्हणाला. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जुने लोक जर्मन म्हणतात. मग तो गर्दीकडे वळून जोरात म्हणाला, "हे आपली नोहे. सोडा त्यायले."

माझ्या पदाला त्या रात्री तेवढं वजन नव्हतं. ज्याचं नुकसान झालं होतं त्या माणसाच्या शब्दाला होतं. दोर सुटले. पोलिसांची गाडी पाऊण तासाने आली. तोवर मी त्या दोघांना अंगणवाडीच्या खोलीत बसवून बाहेर ओट्यावर बसले. अंगणवाडी सेविका हळद आणि कापूस घेऊन आली. मुलगा जखम धुऊन घेताना एकदाही हूं की चूं बोलला नाही.

ठाण्यातून आलेल्या हवालदारांनी बापाला विचारलं, तक्रार द्यायची का. त्याने मान हलवली, नाही. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला मला जड जातं आहे.

समोर असलेले पर्याय

26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय आलाच. बेडा हलवावा असा ठराव घ्या, ही पहिली मागणी. ती करणारे एकदोन नव्हते. ग्रामसेवकांनी स्पष्ट सांगितलं की असा ठराव त्यांच्या सहीने होणार नाही. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि मतदार असलेल्या माणसांना गावाबाहेर काढण्याचा अधिकार कुठल्याही ग्रामसभेला नाही. त्यांनी तो ठराव तिथेच अडवला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाची माहिती बेड्यावरूनच मिळायची होती.

दुसरा पर्याय कॅमेऱ्यांचा. वित्त आयोगाच्या निधीतून चौकात चार कॅमेरे बसवू, असं सरपंच म्हणाले. लोकांना ते पसंतही होतं. माझा विरोध एवढाच होता की चौकातून काहीच चोरीला गेलेलं नाही. चोऱ्या वावरात होतात, तिथे ना खांब ना उजेड. वर्गणी काढून जागल्या ठेवण्याची सूचनाही आली. पण हरभरा हातचा गेलेल्या माणसाकडे वर्गणी कोण मागणार? ती सूचना पाच मिनिटांत बाजूला पडली.

चौथा पर्याय ग्रामसुरक्षा दलाचा. महाराष्ट्र पोलीस कायद्यात त्याची तरतूद आहे. पोलिसांना माहीत असलेली माणसं, ओळखपत्र, ठरलेलं काम. आधीच्या गस्तीत जे नव्हतं ते सगळं यात येतं. पण दल केलं तरी ते रोज रात्री कुठे उभं करायचं? चार-पाच किलोमीटरच्या शिवारात दहा माणसं किती पुरणार?

याचं उत्तर त्या सभेत माझ्या पिशवीत होतं.

काय केलं

त्या रात्रीनंतर दुसऱ्याच दिवशी मी दोनशे पानी वही आणली. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मी, तिघींनी दहा दिवस घरोघर जाऊन दिवाळीपासून काय काय गेलं ते लिहून काढलं. गट नंबर, वस्तू, शेवटची कधी पाहिली, नाही हे कधी कळलं, कुणाला सांगितलं. लोकांना तारखा आठवत नव्हत्या. मग आम्ही विचारायला लागलो, त्या दिवशी बाजार होता का, ओलित दिवसाचं होतं की रात्रीचं. या शेवटच्या प्रश्नाने सगळं उलगडलं.

नोंदी सतरा झाल्या. ठाण्यात पोहोचलेल्या दोन, पहिल्या केबलीचा एनसीचा कागद आणि तो मोटरपंप. तलाठी कार्यालयातून गावनकाशाची प्रत आणून तिच्यावर लाल पेनाने ठिपके दिले. अकरा ठिपके नाला ते डांबरी रस्ता या एकाच पांदणीच्या, म्हणजे वावरांमधून जाणाऱ्या वाटेच्या, दोन्ही बाजूंना पडले. आणि केबल-नोझलाची प्रत्येक चोरी दिवसाच्या पाळीच्या रात्री झालेली होती. म्हणजे रात्री फिडर बंद, तारेत वीज नाही, वावरात माणूस नाही. चोराला आमच्या फिडरचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. अंगाला तेल लावून दुरून येणारी टोळी हे वेळापत्रक कुठून आणणार?

ग्रामसभेत मी तो नकाशा भिंतीला लावला. माणसं उठून जवळ आली, आपापलं वावर शोधू लागली. बेडा हलवण्याची मागणी करणाऱ्यांपैकी एकाने स्वतःच्या धुऱ्यावरचा ठिपका पाहिला आणि कितीतरी वेळ तिथेच उभा राहिला.

मग तीन गोष्टी ठरल्या. दल करायचं, पण गस्त फक्त दिवसाच्या पाळीच्या रात्रींना आणि फक्त त्या पांदणीवर, दोघादोघांच्या जोडीने, शिट्टी आणि बॅटरी घेऊन. काठी न्यायची नाही. कुणाला हात लावायचा नाही, गाडीचा नंबर घ्यायचा आणि फोन करायचा. दलाची यादी ठाण्यात दिली. तिच्यात बेड्यावरचे दोघे होते. यावर बराच वाद झाला, मी माघार घेतली नाही.

दुसरं, सतरा नोंदींचा एकच लेखी अर्ज, नकाशासह, शेतकऱ्यांच्या सह्यांनी. ठाणेदार नवे आले होते. त्यांनी तो शांतपणे वाचला. मोटरपंपाची चोरी पाच हजारांच्या वरची, म्हणजे दखलपात्र. एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरता येतं, ही तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 174 मध्ये आहे. त्यांनी तिचा आधार घेतला. एनसीच्या कागदालाही मग अर्थ आला.

तिसरं काम मी एकटीने केलं. बेड्यावर गेले. वही घेऊनच गेले, पण उघडली नाही. त्या मुलाच्या आईसमोर बसले आणि त्या रात्रीबद्दल माफी मागितली. ती काही बोलली नाही. चहा मात्र ठेवला. बऱ्याच वेळाने शेजारची एक म्हातारी म्हणाली की दिवाळीपासून रातच्याले पुलावर एक छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, उभा राहे, बत्ती विझवून. तिने दोन खेपी पाहिला होता. मागच्या फळीवर देवीचं चित्र, एक बत्ती फुटलेली. पूल बेड्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.

मी विचारलं, आजी, कुणाला सांगितलं का नाही?

"आमाले कोनं इचारलं, बाई?"

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या शेवटी, दिवसाच्या पाळीच्याच एका रात्री, जोडीतल्या पोरांना तो टेम्पो पुलावर दिसला. त्यांनी नंबर घेतला, फोन केला, लपून राहिले. नाकाबंदीत गाडी सापडली. चालक आणि त्याच्यासोबत मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री. तो आमच्यासकट तीन-चार गावांत विहिरी-नाल्यांवर कामाला येत असे. कुणाकडे किती फूट केबल आहे, कोणत्या वावरात कुत्रं आहे, फिडर कधी बंद असतो, हे त्याला आमच्याइतकंच माहीत होतं. तांबं जाळून भंगारात विकलं जात होतं.

वहीतल्या सतरापैकी नऊ नोंदी या दोघांशी जुळल्या. परत फार थोडं मिळालं, एक मोटर आणि थोडी नोझलं, तीही मुद्देमाल म्हणून आधी न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत राहिली. सोयाबीनची पोती घरच्याच पोराने विकल्याचं निघालं, बापाने स्वतः येऊन ती नोंद कापायला लावली. बकऱ्यांचं काही कळलं नाही. बाकीच्या नोंदी तशाच उघड्या आहेत.

मुली मार्चपासून सायकलने जाऊ लागल्या. गस्त आता महिन्यातून थोड्याच रात्री असते आणि तिला शेकोटी लागत नाही. ठाण्याच्या नोंदीत मात्र आमच्या गावाचे गुन्हे वाढलेले दिसतात, कारण लोक आता सांगायला जातात. तालुक्याच्या एका बैठकीत मला विचारलं गेलं की तुमचं गाव बिघडलं का. मी नकाशा सोबत नेला होता, तो दाखवला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या केबलीच्या दिवशी मी वही केली असती तर डिसेंबरपर्यंत पांदण दिसली असती. एनसी म्हणजे काय, तिचा पुढे उपयोग कसा होतो, हे त्या शेतकऱ्याला घरी बसवून दहा मिनिटांत सांगता आलं असतं. काठ्यांच्या गस्तीला मी पहिल्याच रात्री थांबवायला हवं होतं. गावाला धीर येतो म्हणून चालू दिलेली गोष्ट ट्रॉलीपर्यंत गेली.

आणि ती तक्रार. बाप नको म्हणाला, पण मध्यरात्री, त्याच माणसांच्या गावात, अंगणवाडीच्या खोलीत बसून तो हो कसा म्हणणार होता? पोलीस पाटील म्हणून खबर मी स्वतः द्यायला हवी होती. बांधून ठेवणं आणि मारणं हा गुन्हा होता, तो करणारे मला नावानिशी माहीत होते, त्यातले दोघे माझ्या नात्यातले आहेत. गावात तेढ वाढेल हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. माझ्या वहीत त्या रात्रीची नोंद आधी 'दोन इसमांना अडवले' अशी होती. एप्रिलमध्ये मी तिच्याखाली 'मारहाण केली, एक जखमी' असं लिहून सही केली. ग्रामसभेने माफीचा ठराव अजून घेतलेला नाही. मी दोनदा विषय मांडला, तिसऱ्यांदा मांडणार आहे.

जूनमध्ये, पेरणीच्या घाईत, सकाळी सातला ती म्हातारी माझ्या दारात आली. ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "बाई, आमचंबी लिहा."

तिच्या दोन बकऱ्या आणि सुनेचं तांब्याचं गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, गेलं होतं. मी वहीचं नवं पान काढलं आणि कधी गेलं ते विचारलं. तिने बोटांवर मोजून पाहिलं.

"मागच्या पोळ्याच्या कराची रात."

म्हणजे दिवाळीच्या दोन महिने आधी. मी मागे जाऊन पहिलं पान उघडलं, एक नंबरच्या वर थोडी जागा होती, तिथे लिहिलं.